खेळांचं दिनविशेष कॅलेंडर: १४ ऑगस्टचं पान उघडून घेतलेली झडती

कोल्हापुरात भवानी मंडप ते महाद्वार रोड या पट्ट्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत खेळांच्या दिनविशेषाचं टेबल कॅलेंडर विकायला आहे. त्यावर वर्ष नाही, वार नाही, फक्त तारीख. म्हणजे ते दर वर्षी पहिल्यापासून चालवता येतं. प्रत्येक तारखेला तीन कप्पे: जन्म, मृत्यू आणि घटना. प्रकाशकाचं नाव मुद्दाम घेत नाही. चुकांची यादी त्यांच्याकडे पाठवली आहे, आणि या जातीच्या बहुतेक कॅलेंडरांची दुखणी थोड्याफार फरकानं हीच असतात. शाळेचा फळा लिहिणारे क्रीडाशिक्षक, तालीम मंडळांचे कार्यकर्ते आणि क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रोज सकाळी जागा करणारी मंडळी यांच्यासाठी हे परीक्षण आहे. टेबलावर शोभेला ठेवायचं असेल तर वाचायची गरज नाही. दिसायला ते छानच आहे.

अशा वस्तूची पारख सगळी पानं वाचून करावी लागत नाही. एखादं दाट पान उघडावं, त्यातली प्रत्येक ओळ तपासावी, म्हणजे बनवणाऱ्याची पद्धत कळते. आम्ही १४ ऑगस्ट घेतला. कोल्हापुरात या तारखेचं पहिलं नाव ऑलिम्पिक पदकविजेते पैलवान खाशाबा जाधवांचं. १९८४ साली याच दिवशी ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. शिवाय क्रिकेट, ऑलिम्पिक आणि मोटारींच्या शर्यती असे तिन्ही धागे या तारखेला येऊन मिळतात.

क्रिकेटच्या ओळी चोख आहेत. १४ ऑगस्ट १९४८, ओव्हल: डॉन ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटीत एरिक हॉलीजच्या गुगलीवर दुसऱ्याच चेंडूला शून्यावर त्रिफळाचित. सरासरी ९९.९४. हिशेबही दिला आहे: ८० डाव, १० वेळा नाबाद, ६,९९६ धावा. भागायचं ७० नं, ८० नं नाही, हे शाळेच्या फळ्यावर आलं की निम्म्या वर्गाचं गणित पक्कं होतं. शंभराची सरासरी गाठायला फक्त चार धावा हव्या होत्या, हेही छापलंय. राहिलं ते एवढंच, की इंग्लंडचा डाव त्याच दिवशी ५२ धावांत आटोपला होता आणि लिंडवॉलनं २० धावांत सहा बळी घेतले होते. ऑस्ट्रेलियानं एक डाव आणि १४९ धावांनी सामना जिंकला, म्हणजे ब्रॅडमनला पुन्हा बॅट घेऊन उतरायची वेळच आली नाही. ‘चार धावा दुसऱ्या डावात का काढल्या नाहीत?’ हा पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर पानावर हवं होतं.

दुसरी ओळ सचिनची. १४ ऑगस्ट १९९०, ओल्ड ट्रॅफर्ड, पहिलं कसोटी शतक, नाबाद ११९, वय १७ वर्षं ११२ दिवस. दिवस मोजून पाहिले. २४ एप्रिलपासून बरोबर ११२ भरतात. कसोटी सामना पाच दिवस चालतो, मधे विश्रांतीचा दिवसही असायचा, त्यामुळे घाईत यादी करणारे अशी घटना सामना सुरू झाल्याच्या तारखेवर टाकून मोकळे होतात. हा सामना ९ ऑगस्टला सुरू झाला होता. त्या तारखेला लिहायचं ते अनिल कुंबळेचं कसोटी पदार्पण. शतक शेवटच्या दिवसाचं. कॅलेंडरनं दोन्ही आपापल्या पानावर नीट बसवलंय. इथं कुणीतरी धावफलक समोर ठेवून काम केलंय हे दिसतं. ४०८ चा पाठलाग करताना भारत ६ बाद ३४३ वर थांबला आणि मनोज प्रभाकरनं नाबाद ६७ करून सचिनला साथ दिली, एवढा संदर्भ दिला असता तर ते शतक सामना वाचवणारं होतं हे कळलं असतं. जन्माच्या कप्प्यात प्रवीण आमरे (१९६८) आणि रमीझ राजा (१९६२) दोघंही बरोबर.

क्रिकेटबाहेर पाऊल टाकलं की मात्र हात ढिला पडतो.

पहिली गडबड ऑलिम्पिकच्या वेळेची. रिओ २०१६ मधल्या दोन घटना कॅलेंडरमध्ये आहेत. दीपा कर्माकरची जिम्नॅस्टिक्समधली व्हॉल्टची अंतिम फेरी १४ ऑगस्टला आणि उसेन बोल्टचं १०० मीटरचं सलग तिसरं सुवर्ण १५ ऑगस्टला. प्रत्यक्षात दोन्ही रिओत एकाच दिवशी घडलं, १४ ऑगस्टला. रिओ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. दीपाची फेरी तिथं दुपारी झाली, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराच्या पुढे. तारीख तीच राहिली. बोल्ट तिथं रात्री १० वाजून २५ मिनिटांनी धावला, तेव्हा आपल्या घड्याळात १५ ऑगस्टची सकाळ, ६ वाजून ५५ मिनिटं. झेंडावंदनाला निघायच्या गडबडीत ज्यांनी ती शर्यत टीव्हीवर पाहिली, त्यांना १५ हीच तारीख आठवणार. पण नोंद घटनास्थळाच्या तारखेनं करायची हा साधा नियम आहे. दोन घटना दोन वेगळ्या नियमांनी मांडल्या की पुढच्या प्रत्येक अमेरिकेतल्या नोंदीवर शंका घ्यावी लागते. लॉस एंजेलिस १९८४ आणि अटलांटा १९९६ ची पानं म्हणूनच पुन्हा तपासूनच वापरावीत.

त्याच रात्री, बोल्टच्या थोडं आधी, दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन निकर्क आठव्या लेनमधून ४०० मीटर ४३.०३ सेकंदांत धावला आणि मायकल जॉन्सनचा ४३.१८ चा विश्वविक्रम मोडला. कॅलेंडरमध्ये हे नाहीच. मैदानी खेळांच्या शिक्षकाला बोल्टच्या ९.८१ पेक्षा ही नोंद जास्त उपयोगी आहे. आठव्या लेनमधल्या धावपटूला वळणावर बाकीचे दिसत नाहीत. समोर कुणी नसताना आपली गती आपणच सांभाळायची असते. ४०० च्या पोरांना हे फळ्यावरून सांगता आलं असतं. दीपाच्या ओळीत ‘चौथा क्रमांक’ लिहून सोडून दिलंय. गुण १५.०६६, कांस्यपदक हुकलं ते ०.१५० नं, आणि व्हॉल्ट होता प्रोदुनोव्हा, म्हणजे हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायची अवघड उडी. हे तीन तपशील नसतील तर चौथा क्रमांक का लक्षात ठेवायचा?

दुसरी गडबड पावसाची. घटनांच्या कप्प्यात छापलंय: ‘१९३६, बर्लिन ऑलिम्पिक हॉकी अंतिम सामना, भारत ८, जर्मनी १’. सामना ठरला होता १४ ऑगस्टला, हे खरं. पण पावसामुळे तो पुढे ढकलला आणि झाला १५ ऑगस्टला. ध्यानचंदांचा हा सामना जिथं तिथं दोन्ही तारखांना सापडतो, त्याचं कारण हेच. जुनं वेळापत्रक बघून लिहिणारे १४ लिहितात, निकाल बघून लिहिणारे १५. त्याच शहरात त्याच १४ तारखेला बास्केटबॉलचा ऑलिम्पिकमधला पहिला अंतिम सामना मात्र उघड्या मातीच्या कोर्टवर, पावसातच उरकला. चिखलात चेंडू उसळेना, ड्रिबलिंग जमेना. अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. पावसाची ही जोडी पानावर आली असती तर काय बहार होती! कॅलेंडरनं त्यातलं एक चुकीच्या दिवशी टाकलं, दुसरं टाकलंच नाही.

तिसरी चूक लाज आणणारी आहे. जन्माच्या कप्प्यात मॅजिक जॉन्सन (१९५९) यांच्यापुढे ‘जयंती’ छापलंय. गृहस्थ हयात आहेत. प्रत्येक नावाच्या पुढे एकच ठरलेला शब्द आपोआप पडलाय, हे उघड आहे. फळ्यावर उतरवणाऱ्यानं हयात व्यक्तीला ‘वाढदिवस’ लिहावं आणि शंका असेल तर नुसतं ‘जन्म’ लिहून मोकळं व्हावं. वर्ष न छापलेल्या कॅलेंडरला हा धोका कायमचाच आहे. आज हयात असलेला खेळाडू उद्या नसेल, आणि छापील पान काही बदलत नाही. प्रकाशकानं दर वर्षी दुरुस्तीचं एक चिटोरं दिलं तरी पुरे.

मृत्यूच्या कप्प्यात एन्झो फेरारी (१९८८) आहेत, तारीख बरोबर. त्यांच्या जन्माच्या पानावर कॅलेंडरनं १८ फेब्रुवारी दिलंय, काही याद्यांत २० असते. बर्फामुळे नोंदणी दोन दिवस उशिरा झाली असं सांगतात, त्यामुळे कागदावर २० चढली. आपल्याकडे याच रोगाचं नाव १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं १ जून टाकलेली पिढीच्या पिढी आहे, आणि जुन्या पैलवानांत तर घाऊक भावात. कॅलेंडरचं १ जूनचं पान उघडा. जन्माच्या कप्प्यात मराठी नावांची दाटी दिसेल. त्यातली किती खरी, हे दाखल्यावरून कधीच कळणार नाही. अशा नावापुढे ‘नोंदीनुसार’ एवढा शब्द जोडला की प्रामाणिकपणा राखला जातो.

आता खाशाबांची ओळ. छापलंय असं: ‘भारताचे पहिले ऑलिम्पिक पदकविजेते कुस्तीपटू के. डी. जाधव यांचं निधन.’ कुस्तीपुरतं ते खरं. पण फळ्यावर उतरताना यातला ‘कुस्तीपटू’ हमखास गळतो, आणि मग १९०० साली पॅरिसला दोन रौप्यपदकं मिळवणारे नॉर्मन प्रिचर्ड आडवे येतात, हॉकीची सुवर्णं तर आहेतच. नेमकं वाक्य असं हवं: स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे, हेलसिंकी १९५२, फ्रीस्टाइल, बँटमवेट ५७ किलो, कांस्य; पदकाचा दिवस २३ जुलै. आणि २३ जुलैच्या पानावर? काहीच नाही. १५ जानेवारीला जन्म आहे (१९२६, गोळेश्वर, ता. कऱ्हाड), पण तीच तारीख महाराष्ट्र शासन आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं, हे नाही. शाळेला परिपत्रक येतं आणि कॅलेंडरला पत्ता नाही, असं झालंय.

कोल्हापुरात विकायच्या वस्तूत खाशाबांना दीड ओळ देणं परवडत नाही. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेला आणि फ्लायवेटमध्ये सहावा आला. हेलसिंकीच्या वेळी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत गावात सगळ्यांना पाठ आहे. तारखेची गंमत अशी, की लंडन ऑलिम्पिकचा समारोप वेम्बलीवर झाला तो १४ ऑगस्ट १९४८ ला, म्हणजे त्याच शहरात ब्रॅडमन शून्यावर बाद झाले त्या दिवशी. खाशाबांचं पहिलं ऑलिम्पिक ज्या तारखेला संपलं, त्याच तारखेला ३६ वर्षांनी ते गेले. हे सगळं तीन ओळींत बसतं. पानावर जागाही होती. ती बॅट-चेंडूच्या चित्राला गेली.

या दिवसाची आणखी एक अडचण आहे, पण तिचा दोष कॅलेंडरला देता येत नाही. १४ ऑगस्टला शाळेचा दर्शनी फळा आधीच तिरंग्याच्या खडूंनी रंगलेला असतो. खाशाबांचा स्मृतिदिन त्याखाली दरसाल झाकला जातो. त्यावर उपाय म्हणजे मैदानाकडचा, नाहीतर क्रीडा साहित्याच्या खोलीबाहेरचा लहान फळा त्या दिवसापुरता राखून ठेवायचा.

गावच्या इतर नोंदी म्हणाल तर ऑगस्टमध्ये खजिना आहे. स्वप्निल कुसाळेचं पॅरिसमधलं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य १ ऑगस्ट २०२४ चं, ४५१.४ गुण, ६ तारखेला त्याचाच वाढदिवस. ८ ऑगस्ट २०१० ला तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. २२ ऑगस्ट २०१८ ला राही सरनोबतनं २५ मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण घेतलं. २९ ऑगस्टला ध्यानचंद आहेतच, त्यांच्या खाली आपला जलतरणपटू वीरधवल खाडे (जन्म १९९१). यातली कुसाळेची आणि ध्यानचंदांची नोंद तेवढी छापील आहे, बाकीच्या हातानं भरायच्या.

डिसेंबरमध्ये तर भाऊसाहेब निंबाळकरच नाहीत! जन्म कोल्हापूर, १२ डिसेंबर १९१९. निधन ११ डिसेंबर २०१२, ९३ पूर्ण व्हायला एक दिवस कमी. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी पडत होत्या तेव्हा समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनचं शून्य आणि निंबाळकरांचे ४४३ एकाच वर्षातले. क्रिकेटवर एवढी मेहनत घेणाऱ्यानं हे सोडावं याचं नवल वाटतं. फुटबॉलचं तर विचारूच नका. पेठापेठांत ज्या खेळावरून घराघरांत तट पडतात, त्याला या कॅलेंडरमध्ये युरोपबाहेर अस्तित्वच नाही.

कुस्तीच्या मैदानांचं मात्र समजून घ्यावं लागेल. गावोगावची मैदानं यात्रेला धरून असतात आणि यात्रा तिथीनं. जोतिबाची चैत्र यात्रा पौर्णिमेला, म्हणजे इंग्रजी तारीख दर वर्षी हलणार. वार आणि तिथी नसलेल्या कॅलेंडरमध्ये अशी परंपरा बसवता येत नाही; एखाद्या सालची ठरावीक कुस्ती तेवढी तारखेनं लिहिता येते. खासबाग मैदान १९१२ चं, एवढी नोंद शाहू महाराजांच्या २६ जूनच्या पानावर जोडली तरी पुष्कळ.

हातानं भरायचं म्हटलं की कागदाचा प्रश्न येतो. कागद गुळगुळीत, चमकदार. त्यावर बॉलपेन नीट उमटत नाही, जेलची शाई बोट लागलं की फासते. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर चालतो, पण मागे उमटतो, आणि मागे दुसरी तारीख आहे. पत्रे १८३, छपाई दोन्ही बाजूंनी. १ जुलैपर्यंत एका बाजूनं पलटायचं, २ जुलैपासून कॅलेंडरचा तंबूसारखा स्टँड फिरवून उलट दिशेनं. त्यामुळे १४ ऑगस्टच्या पाठीशी १९ मे येतो, आणि खाशाबांवर केलेली मार्करची दुरुस्ती १९ मेला डाग होऊन भेटते. सोपी वाट म्हणजे पांढरा चिकट कागद, लेबलाचा, ओळीच्या मापानं कापून लावायचा आणि त्यावर साध्या पेनानं लिहायचं. अशी लेबलं पंचवीस-तीसच्या वर लावली तर जाडी वाढते आणि वायरोत, म्हणजे पानं बांधणाऱ्या तारेच्या कड्यांत, पानं अडकायला लागतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पानांचे कोपरे वळतात, दोन पत्रे एकदम उलटतात, भोकं फाटतात. खिडकीजवळ ठेवू नये, एवढंच त्यावर औषध.

तपासणी कशी करायची ते सांगतो, कारण हे कॅलेंडर तपासल्याशिवाय फळ्यावर जाऊ देऊ नये. क्रिकेटसाठी सामन्याचा धावफलक बघा आणि रोजच्या खेळाअखेरच्या धावसंख्येवरून दिवस काढा. ऑलिम्पिकसाठी अधिकृत निकालातली स्थानिक तारीख घ्या. मूळ वेळापत्रक नको. गावच्या नोंदींसाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली. त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात चौकशी करावी. मात्र सकाळच्या अंकावरची तारीख ही घटनेच्या दुसऱ्या दिवसाची असते, ती एकानं मागे घ्यायची. त्यातही १५ ऑगस्टला छापखान्यांना सुट्टी, म्हणून १६ चा अंक बहुतेक दैनिकांचा नसतो. १५ ची बातमी १७ ला सापडते, आणि एक दिवस मागे जाणारा १६ वर फसतो. तालमींच्या स्मरणिका हकिकतींसाठी चांगल्या, तारखांसाठी त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नये.

वर्षं मोजतानाही घोळ होतो. १९२६ चा जन्म म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला शंभर वर्षं पूर्ण. जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं ते २०२५ च्या जानेवारीत. १९८४ चा मृत्यू म्हणजे २०२४ ला चाळिसावा स्मृतिदिन. चालू सालातून मूळ साल वजा करायचं, त्यात एक मिळवायचा नाही.

फळ्यासाठी एका दिवसाला तीन ओळी पुरतात: एक गावची, एक देशाची, एक जगाची. प्रत्येकीत ठिकाण आणि साल हवंच. १४ ऑगस्टला आमची निवड खाशाबा, सचिन आणि व्हॅन निकर्क. ब्रॅडमन शिल्लक राहतात. त्यांना पुढच्या वर्षी घ्यावं, कॅलेंडर तर तेच राहणार आहे.

पाचपैकी अडीच गुण. अर्धा फक्त क्रिकेटच्या ओळींसाठी. दुसरी आवृत्ती येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. आत्ताच घ्यायचं असेल तर दुकानात वेष्टन काढायला सांगा आणि १४ ऑगस्ट, १ जून, २३ जुलै ही तीन पानं बघा. नंतर सगळे पत्रे एकदा दोन्ही बाजूंनी पलटून घ्या, वायरोचं तोंड नीट मिटलंय का पाहा. ते उघडं असेल तर पहिल्याच महिन्यात पानं निसटतात, आणि वेष्टन काढलेला माल दुकानदार बदलून देईलच असं नाही.